न आलेल्या तेवीस जणी

फेब्रुवारीत थंडर बेमध्ये ऊन पडतं ते नुसतं नावाला. कायसा हाउतालाच्या खिडकीतून गोठलेलं सरोवर दिसायचं आणि पलीकडे उताण्या निजलेल्या माणसासारखा दिसणारा डोंगर, तो दगडी महाकाय. त्याच्याकडे बघत बसलं की वेळ कुठे जातो कळत नाही. कायसाची ही जुनीच खोड.

टेबलावर शेवटचा शोधनिबंध होता. बर्फावरच्या हॉकीत डोकं आपटून मेंदूला हादरा बसला, तर खेळाडूने परत कधी उतरावं? यावरचे एकतीस निबंध तिला आणि तिचा सहकारी ग्रॅहम डूसेटला पारखायचे होते. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, भरवशाचा असला तर हिरवा, नसला तर लाल शेरा द्यायचा, मगच तोंड उघडायचं. हा निबंध तेवीस वर्षांपूर्वीचा, याच गावातला. 'आठवडाभर विश्रांती पुरे' हा इथला नियम त्याच्याच जिवावर उभा होता.

तेवढ्यात फोन वाजला. आयनो, तिची सोळा वर्षांची लेक. बारा दिवसांपूर्वी खेळताना ती डोक्यावर पडली होती.

"आई, शनिवारी खेळू ना? कोच म्हणतात, आठवडा कधीच झाला."

"काल बसने एकटी जाते म्हणालीस. डॉक्टरकडे का गेली नाहीस?"

"कंटाळा आला."

"कंटाळा! मोठी राजकन्याच की नाही! संध्याकाळी सांगते."

खरं तर 'खेळ' म्हणायला ती तयारच होती. निबंध कसा नीटनेटका होता. हादरा बसलेल्या चौसष्ट मुली. आठवड्याने दुसऱ्या तपासणीला एकेचाळीस आल्या, सगळ्या ठणठणीत.

ती वाचत गेली. लहानशी खोली. स्टॉपवॉच घेतलेला माणूस. डोकं ताळ्यावर आहे का ते बघायला डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायचे. वाचता वाचता तिला हीटरवर वाळणाऱ्या लोकरी मोज्यांचा वास आला. निबंधात मोजे नव्हते.

मोजे तिचे होते. हॉकीत डोकं आपटलेली अठरा वर्षांची कायसा त्या खोलीत बसली होती, एकदाच. पुढच्या तारखेचं कार्ड फ्रिजवर लावलं होतं. त्या दिवशी ती बसमध्ये बसली, दवाखान्याचा थांबा आला, गेला, आणि ती बसूनच राहिली. मग नुसता बर्फ, आणि दूरवर तो निजलेला महाकाय. कुणी रागावलंही नाही.

तिने तळटीप शोधली. 'तेवीस जणी आल्या नाहीत. कारण : अनुत्साह.'

ग्रॅहम गुलाबी साखरेचा थर दिलेले गोड पाव घेऊन आत आला. "काय बाई, झालं का? माझा शेरा देऊन झाला."

"ग्रॅहम, या तेवीस जणींतली एक मी आहे."

"म्हणजे आज तपासणीला आलीस? जरा उशीरच केलास!" तो हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने पाव खाली ठेवले. "का गेली नव्हतीस?"

"कुठे जायचंय तेच डोक्यातून गेलं होतं. ज्यांचं डोकं ठिकाणावर होतं त्याच आल्या रे. बाकीच्यांना कुणी विचारलंच नाही."

"आता हा निबंध तुला पारखता यायचा नाही. तिसऱ्या कुणाकडे जाईल. मी तर हिरवा दिलाय."

"जाऊ दे. तू तुझा हिरवा पुन्हा बघ."

त्याने कागद ओढून तळटीप वाचायला घेतली. कायसाला एकाएकी फार भीती वाटली. तिने फोन उचलला.

"आयनो, काल बसमधून कुठे उतरलीस?"



"शेवटच्या थांब्यावर," आयनो म्हणाली. "तुला कसं कळलं? आई, मी तिथे कशाला गेले होते गं?"