क्रेसेंडोच्या चौदा चिठ्ठ्या

मी चौदा लिहिल्या होत्या आणि खणात सहाच होत्या. इतक्या वर्षांनंतरही हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण उरलेल्या आठ चिठ्ठ्यांपायी मी जवळजवळ महिनाभर घरातल्या आणि कचेरीतल्या प्रत्येक माणसाकडे चोर म्हणून पाहिलं.

आमची कचेरी शब्दकोशाची. इंग्रजी शब्द आणि आपल्या भाषेत त्यांचे अर्थ. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, मला तिथे चिकटवून दिलं. माझं काम वाचण्याचं. इंग्रजी वर्तमानपत्रं, मासिकं, जाहिराती, हाताला लागेल ते वाचायचं आणि ओळखीचा शब्द अनोळखी अर्थानं आला की तळहाताएवढ्या चिठ्ठीवर ते वाक्य, तारीख आणि पान उतरवायचं. संध्याकाळी चिठ्ठ्या वन्संच्या ट्रेमध्ये ठेवायच्या. त्या शब्दवार खणात लावणं हे वन्संचं काम, वीस वर्षांपासूनचं. नव्या अर्थाच्या दहा चिठ्ठ्या, दहा वेगवेगळ्या ठिकाणच्या, जमल्या तरच तो अर्थ कोशात जाई. नवावर अडला तर अडला. मोठे साहेब, म्हणजे आमचे संपादक, या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

क्रेसेंडो हा मुळात संगीतातला शब्द. आवाज हळूहळू चढत जाणं, एवढाच त्याचा अर्थ. मी वाचत होते त्या कागदांत मात्र तो वाजवणाऱ्यांची संगत सोडून भलतीकडेच हिंडत होता. नगरसभेतला गोंधळ क्रेसेंडोला पोहोचला होता. फर्निचरच्या सेलचा क्रेसेंडो शनिवारी होता. एका सल्ल्याच्या सदरात तर कुणाच्या तरी सासूचं घोरणं क्रेसेंडो गाठत होतं. म्हणजे चढ राहिला बाजूला, शब्द कळसावर जाऊन बसला होता.

संगीताचे शब्द तपासायला दर मंगळवारी मास्तर येत. पूर्वी ते नाटकगृहात व्हायोलिन वाजवत. व्हायोलिनची काळी पेटी काखेत घेतल्याशिवाय ते कधी दिसले नाहीत. त्यांना मी फर्निचरवाली चिठ्ठी दाखवली तर ते खुर्चीतून उठलेच.

"जिना आणि गच्ची एकच का हो बाई?"

"नाही, पण लोक म्हणतात ना तसं."

"म्हणू देत. जिन्याला गच्ची म्हणणाऱ्याच्या घरी मी चहालासुद्धा जाणार नाही."

महिन्याभरानं मी खण उघडला तर सहाच चिठ्ठ्या. जुनी वर्तमानपत्रं दर पंधरवड्याला रद्दीत जात, त्यामुळे पुन्हा उतरवून काढायची सोयही नव्हती. मी साहेबांकडे गेले. तीच चूक झाली.

"चौदा म्हणता आणि सहा दाखवता," ते चष्म्यावरून पाहत म्हणाले. "सी अक्षराचा खंड महिनाअखेर छापायला जातोय. तोवर बाकीच्या आणा. वाक्यं डोक्यातून रचणारा माणूस या कचेरीत कायम होत नाही."

माझं उमेदवारीचं वर्ष त्याच महिनाअखेरीला संपत होतं. नवऱ्याचा कारखाना तेव्हा बंद पडलेला. जेवताना घरात सगळे माझ्याकडे पाहत आणि मी ताटाकडे.

माझा संशय अर्थातच मास्तरांवर. पुढच्या मंगळवारी ते उठायला लागले तशी मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मास्तर, पेटी जरा उघडून दाखवता?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पेटी टेबलावर ठेवली आणि कड्या काढल्या. आत एक डबा होता, एक स्वेटर आणि घडी केलेली पिशवी. व्हायोलिन नव्हतंच.

"चार वर्षं झाली बोटं वळत नाहीत," ते म्हणाले. "पण पेटीशिवाय रस्त्यानं चालायची सवय नाही." त्यांनी कड्या लावल्या. "झालं समाधान?"

वन्सं त्या दिवशी घरी जाताना माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, माझ्या वागण्याची लाज वाटली असेल.

खंड जायच्या आदल्या दिवशी एका वाचकाचं पत्र आलं, ए अक्षरातल्या कुठल्याशा शब्दाबद्दल. ए आणि बीचे खंड केव्हाच छापून झाले होते आणि त्यांचे खण मागच्या खोलीत बंद असत. वन्सं जेवायला गेल्या होत्या, म्हणून त्यांच्या टेबलावरची किल्ली घेऊन मीच गेले. तिथल्या सगळ्या गठ्ठ्यांच्या नाड्या धुळीनं करड्या झालेल्या. एकच नाडी पांढरीशुभ्र होती.

सोडली. माझंच अक्षर. आठ चिठ्ठ्या, तारखेनं लावलेल्या आणि एकाच तारखेच्या असतील तिथे पानाच्या क्रमानं. तारखेनंतर पान बघणारं आमच्या कचेरीत एकच माणूस होतं.

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. वन्सं आल्या, दारात थांबल्या, माझ्या मांडीवरचा गठ्ठा पाहिला आणि आत येऊन दार लोटून घेतलं.

"सापडल्या वाटतं," त्या म्हणाल्या.

"वन्सं, तुम्ही?"

"मग काय मास्तर? त्या गरिबाची पेटी उघडायला लावलीस चारचौघांत."

"तेव्हा तरी बोलायचं होतं!"

"तोंड उघडलं नाही माझं."

"आणि माझी नोकरी? घरात काय चाललंय ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे ना?"

त्यांनी कपाटातून कोशाची जुनी आवृत्ती काढली, पान न शोधता नेमकं उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "वाच."

मी वाचलं. 'आवाज पायरी पायरीने वाढत जाणे. चढ, शिखर नव्हे.'

"ही ओळ माझी आहे," वन्सं म्हणाल्या. "अर्थ लिहितात ते साहेब आणि त्यांचे दोन पंडित. आम्ही लावायच्या चिठ्ठ्या. त्या वर्षी संगीत कळणारं कुणी मिळेना, आणि मी लहानपणी सात वर्षं पियानो शिकलेली. म्हणून एवढी एक ओळ दिली मला. चार दिवस घोळवली. साहेबांनी एक अक्षर बदललं नाही." त्यांनी कोश मिटला. "दहा चिठ्ठ्या झाल्या असत्या तर पहिला घाव 'शिखर नव्हे'वर पडला असता."

"मग फाडून का नाही टाकल्या? सापडल्या तरी नसत्या."

वन्सं माझ्याकडे अशा पाहू लागल्या की जणू मी घर पेटवायला सांगितलं होतं. "चिठ्ठी फाडायची? वेडी आहेस का तू?"

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं. गठ्ठा मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतले.

"तूच दे. माझ्या हातून जायच्या नाहीत."

साहेबांनी चिठ्ठ्या मोजल्या. "कुठे होत्या?"

"एच्या खणात."

"कुणी ठेवल्या?"

"माझ्याच हातून चुकून गेल्या असतील," मी म्हटलं.

"तुमच्या चुका तुम्हालाच बऱ्या सापडतात, बाई," साहेब म्हणाले. अर्थ कोशात गेला. माझी उमेदवारी मात्र आणखी एका वर्षानं वाढली. तसं पत्र त्याच संध्याकाळी टंकून माझ्या हातात पडलं आणि मी ते वन्संच्या समोरच वाचलं. मुद्दाम.

आठवड्यानं सीची मुद्रितं, म्हणजे तपासायची छापील पानं, आली. क्रेसेंडोखाली आता दोन अर्थ होते. पहिल्यातले 'चढ, शिखर नव्हे' हे शब्द उडवले होते आणि दुसरा अर्थ होता: 'परमोच्च बिंदू, कळस.' वन्संनी ते पान शेवटपर्यंत तपासलं, खाली सही केली, आणि ते घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. दार अर्धा तास बंद होतं. बाहेर आल्या त्या सरळ नळावर जाऊन तोंड धुऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. वन्संना खणांवरून काढून माझ्यासमोरच्या टेबलावर वाचायला बसवलं. आत काय बोलणं झालं हे मी दोनतीनदा विचारलं. "तू तुझं वाच," एवढंच उत्तर यायचं.

निवृत्त होईपर्यंत, म्हणजे पुढची अकरा वर्षं, त्या तिथे बसल्या. मधूनमधून वर्तमानपत्रात तो शब्द भेटे, कधी क्रिकेटच्या सामन्यात, कधी कुणाच्या भाषणात, नेहमी कळसावर. वन्सं पेन्सिल दाबून चिठ्ठी लिहीत आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवत.

"घे वहिनी, आणखी एक."

"ठेवा तिथे," मी म्हणे.

त्या चहाला उठल्या की मी ते वर्तमानपत्र ओढून घेई आणि वाक्य, तारीख, पान, सगळं ताडून पाही. अकरा वर्षांत एकदाही चूक निघाली नाही. तरी पुढच्या वेळी मी पुन्हा पाहतच असे.