नागरत्ना मिसच्या गळ्यातली शिट्टी

कान झाकू नका, आज मी वाजणार नाहीये. नुसतीच बोलणार आहे. मी शिट्टी. पितळेची, बोटाच्या दोन पेरांएवढी, पोटात बुचाची एक गोटी घेऊन फिरणारी. चिक्कहोळे गावच्या मुलींच्या हायस्कुलात कुणालाही विचारा, मी कोण ते सांगतील. काही जणी कपाळाला आठ्या घालून सांगतील, तो भाग वेगळा.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका गल्लीत झाला. तिथे दिवसभर ठोकाठोक चालायची. पत्रा कापला, वाकवला, डाग दिला, गोटी टाकली आणि एका म्हाताऱ्या कारागिराने मला तोंडाला लावून फुंकर मारली. कोण एवढ्या मोठ्यानं ओरडलं म्हणून मी इकडेतिकडे बघायला लागले. तो आवाज माझाच होता हे कळायला मला दुसरी फुंकर लागली.

तेव्हापासून मला एक खोड जडली आहे. हे काय, ते कशाला, असं सारखं वाटत राहतं. सगळ्यात मोठं कोडं हे, की मी वाजले की माणसं धावत का येतात? माझ्याकडे द्यायला काहीच नसतं. तरी येतात. गाय चारा बघून तरी येते.

मी पहिल्यांदा गळ्यात पडले ती नागरत्नाच्या. तेव्हा ती चौदा वर्षांची, याच हायस्कुलात शिकणारी, सोनचाफा संघाची संघनायिका होती. गाईडच्या पथकात प्रत्येक संघाला फुलाचं नाव असतं. कमळ, जाई, केवडा, असं. दोन वर्षं मी तिच्याबरोबर शिबिरं पाहिली, तंबू पाहिले, पावसात विझलेल्या चुली पाहिल्या. मग तिचं लग्न झालं आणि मी गेले कपाटाच्या खणात.

खणात मी अठरा वर्षं काढली. सोबतीला सेफ्टी पिना आणि बंद पडलेलं एक घड्याळ. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू यायची. ती वाजली की नागरत्ना हातातलं टाकून धावायची. मला त्या कुकरचा असा काही हेवा वाटायचा की सांगता सोय नाही.

पुढे नागरत्ना त्याच हायस्कुलात शिक्षिका झाली आणि बंद पडलेलं गाईडचं पथक तिने पुन्हा उभं केलं. एका शनिवारी खण उघडला. तिने मला पदराने पुसलं, चिंचेने घासलं, पांढऱ्या दोरीत ओवलं आणि गळ्यात घातलं. आता ती नागरत्ना मिस झाली होती. आवाज जाड झाला होता, पण फुंकर तीच. मला श्वास नाही, म्हणून दुसऱ्याचा श्वास मी कधी विसरत नाही.

दर शनिवारी चोवीस मुली निळ्या गणवेशात मैदानावर यायच्या. गाठी मारायच्या, काठ्यांची खुर्ची बांधायच्या, जखमी झाल्याचं सोंग करून एकमेकींना पट्ट्या गुंडाळायच्या. भांड्याशिवाय स्वयंपाक म्हणून दगडावर भाकरी भाजायच्या आणि काळी पडलेली भाकरी मिसना मोठ्या प्रेमाने खायला द्यायच्या. कधी तळ्याकाठचा कचरा उचलायच्या, कधी पोलिओच्या केंद्रावर बाळांच्या रांगा लावायच्या. बँकेत म्हाताऱ्या बायांना फॉर्म भरून द्यायलाही जायच्या. एका बाईने तर फॉर्म भरून झाल्यावर, "सुनेची तक्रार कुठल्या कागदावर लिहायची?" असं विचारलं होतं.

माझी भाषा त्यांना पाठ होती. एक लांब फुंकर म्हणजे गप्प बसा, ऐका. लांब-आखूड, लांब-आखूड म्हणजे धोका. आणि आखूड, आखूड, आखूड अशी रांग लागली की धावत या. या तिसऱ्या खुणेवर मिसचा भारी जीव.

"शिट्टी ऐकली की हातातलं काम टाकायचं," त्या सांगायच्या. "का, कशाला, विचारायचं नाही. धावायचं."

जी सगळ्यात शेवटी पोचेल तिने सगळ्यांसमोर नाचायचं. नाच टाळायला मुली अशा सुटायच्या की धूळ खाली बसायच्या आत गोल तयार. मिसना त्याचा अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

एकटी इंचरा मात्र मागे राहायची. सोनचाफा संघाची आठवीतली मुलगी, काटकुळी, दोन घट्ट वेण्या. ती आळशी नव्हती, पण तिच्या डोक्यात 'का' आधी यायचा आणि पाय नंतर हलायचे.

"मिस, पण मी गाठ अर्धी मारली होती. ती सोडून आले तर तंबू पडेल ना?"

"इंचरा, तुझा 'का' घरी ठेवून येत जा."

"ठेवून आले होते मिस, माझ्या मागे मागे आला."

मुली फिदीफिदी हसायच्या. तिची मैत्रीण मुबीना तिला प्रश्नपत्रिका म्हणायची. मला ही पोर पहिल्यापासून आपल्यातली वाटली. पण जत्रेच्या आदल्या शनिवारी ती सलग तिसऱ्यांदा शेवटी आली, तेव्हा मिस चिडल्या. "पुन्हा असं झालं तर जत्रेच्या कामावर तुला नेणार नाही," म्हणाल्या. इंचराचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवशी ती नाचलीसुद्धा गुमान.

जत्रा वीरभद्राची. आमच्या पथकाला तिथलं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. पाणी वाटायचं, चक्कर आलेल्यांना सावलीत न्यायचं आणि हरवलेल्या मुलांचा मांडव सांभाळायचा. देवस्थान समितीचे सिद्दप्पा गौडा नाखूषच होते. "टीचर, तुमच्या पोरी गर्दीत स्वतःच हरवतील, मग त्यांना कोण शोधणार?" असं ते मिसना तोंडावर म्हणाले होते.

दुपारपर्यंत पोरींनी असं काम केलं की गौडांनी स्वतः येऊन दोनदा गुळाचं पानक प्यायलं. हरवलेल्या मुलांच्या मांडवात इंचरा होती. तिच्याकडे तीन मुलं बसली होती, त्यातली सगळ्यात लहान चिन्नी, जेमतेम चार वर्षांची. आईचं नाव विचारलं की "अव्वा" म्हणायची. बापाचं विचारलं की "अप्पा". इंचराने तिला मांडीवर घेऊन मंडक्की, म्हणजे चुरमुरे, भरवले आणि रडं थांबवलं. हे मला नंतर मुबीनाकडून कळलं. मी तेव्हा रथाजवळ, मिसच्या गळ्यात होते.

रथ ओढायची वेळ जवळ आली. दोरखंड पसरले होते, लोकांच्या हातात दवण्याची काडी खोचलेली केळी होती, रथ हलला की कळसावर भिरकावायला. एवढ्यात गौडा लगबगीने आले.

"टीचर, पाहुणे आलेत. तुमच्या पोरींबरोबर फोटो पाहिजे म्हणतात. बोलवा सगळ्यांना, पटकन."

मिसच्या चेहऱ्यावर हसू फुललं. त्यांनी मला ओठांना लावलं. आखूड, आखूड, आखूड.

आणि त्या आल्या. पाण्याच्या पिंपाजवळून, झाडाखालून, लोकांच्या बगलेखालून वाट काढत आल्या. एका मिनिटात चोवीसच्या चोवीस पोरी ओळीत. पाहुणे थक्क झाले. गौडा तर असे बघत होते जणू या पोरी त्यांनीच घडवल्या. मीही फुगले होते. फोटो निघाला. मग मिसची नजर ओळीच्या टोकाला गेली. तिथे इंचरा उभी होती, धापा टाकत. या खेपेला ती शेवटी नव्हती.

"इंचरा," मिसचा श्वास माझ्यावर अडकला. "मुलांजवळ कोण आहे?"

इंचरा उलटी फिरली आणि पळाली. आम्ही मागोमाग. मांडवात दोन मुलं होती. मंडक्कीचा कागद होता. चिन्नी नव्हती.

"ती पण पळाली," मोठा मुलगा म्हणाला. "तू पळालीस ना, तुझ्या मागे."

माझं पितळ गार पडलं. पोर माझ्या आवाजाकडे धावली होती. म्हणजे रथाकडे. तिथे माणसांच्या पायांचं रान माजलेलं, आणि त्यात पुरुषभर उंचीची चाकं आता कुठल्याही क्षणी फिरणार.

मिस गौडांकडे धावल्या. "रथ थांबवा. एक लहान मुलगी हरवलीय."

"टीचर, मुहूर्त आहे. हजारो माणसं उभी आहेत. पोर कुठेतरी खेळत असेल."

"खेळत नाहीये. माझ्या शिट्टीमागे आलीय. फोटोसाठी मी माझ्या मुलींना कामावरून उठवलं. चूक माझी आहे, गौडा, काय म्हणायचं ते मला नंतर म्हणा. आधी चाकं धरा."

सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी त्यांना त्यांच्या चौदाव्या वर्षापासून ओळखते, पण असा थरथरता श्वास त्यांचा कधी ऐकला नव्हता. गौडांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. चाकाशी बसलेल्या माणसांनी लाकडी पाचरी आत सरकवल्या. गर्दीत कुरकुर सुरू झाली.

मिसनी मला पुन्हा उचललं, लांब-आखूड वाजवायला. धोक्याची खूण. इंचराने त्यांचा हात धरला.

"मिस, ती नको. तिला ती कळणार नाही. 'धावत या'च वाजवा. तीच ऐकून ती माझ्या मागे पळाली, तिला तीच माहितीये."

"मग सगळ्या पुन्हा माझ्याकडे येतील."

"आधी त्यांना सांगा, यायचं नाही म्हणून. वाजलं तरी जागचं हलायचं नाही. नुसतं खाली बघायचं. गुडघ्यांमधून कोण चालतंय ते."

मिसनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग मला गळ्यातून काढून तिच्या हातात दिलं आणि मुलींना सांगायला गेल्या. चोवीसमधल्या तेवीस जणी दोरखंडाच्या दोन्ही बाजूंनी पांगल्या आणि वाकून उभ्या राहिल्या. इंचरा पाण्याच्या पिंपावर चढली. तिची फुंकर पहिल्यांदाच माझ्यात आली. अर्धी हवा, अर्धं रडू.

आखूड, आखूड, आखूड. एकही मुलगी हलली नाही. जन्मात पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं नाही आणि मी मनात म्हणत होते, नका ऐकू, बायांनो, नका ऐकू.

इंचरा वाजवत राहिली. तिचे गाल दुखायला लागले, फुंकर तुटायला लागली. मग रथाच्या उजव्या चाकाजवळून मुबीनाचा आवाज आला. "दिसली, दिसली. हलू नका कोणी."

दोरखंडाखालून, रांगत, एका हातात कुणीतरी दिलेलं केळं घट्ट धरून चिन्नी येत होती. सरळ माझ्याकडे. इंचराने पिंपावरून उडी मारली आणि तिला उचललं.

थोड्या वेळाने तिची आई आली, अनवाणी, केस सुटलेले. तिने आधी पोरीला एक धपाटा घातला आणि मग छातीशी धरून हमसून हमसून रडली. रडं ओसरल्यावर तिने विचारलं, "ही तुझ्याकडे होती ना? मग तू कुठे होतीस?"

मला वाटलं, मिस उत्तर देतील. त्या पुढे झाल्याही. पण इंचरा आधी बोलली.

"मी हिला सोडून गेले होते. मनात आलं होतं की जाऊ नये, तरी गेले. चुकलं माझं."

बाई पोरीला घेऊन निघून गेली. घरी जाताना मिस इंचराला एवढंच म्हणाल्या, "तुझा 'का' उद्यापासून बरोबर आणत जा." पुढच्या शनिवारी नवा नियम झाला. जिच्या हाती माणूस असेल, तिने शिट्टीला उठायचं नाही, मग वाजवणारी कुणीही असो.

आता मी जुनी झालेय. गोटी झिजलीय, आवाज जरा घोगरा येतो. मला ऐकून पोरी अजून धावतात, पण आधी आजूबाजूला बघतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हीही कधी माझी किंवा माझ्यासारखी हाक ऐकाल, तेव्हा एवढं बघून घ्या की तुमच्या हातात कुणाचा हात तर नाही ना. असला तर खुशाल उशिरा या, मी थांबेन.

यंदाच्या जत्रेत इंचरा पुन्हा त्याच मांडवात बसली होती. रथ निघायच्या जरा आधी तीच बाई समोर येऊन उभी राहिली. इंचरा उठून उभी राहिली. तिला वाटलं असणार, बाई आता उरलेलं बोलून घेणार. बाईने चिन्नीला तिच्याकडे सरकवलं.

"मला रथाचा दोर ओढायचाय," ती म्हणाली. "हिला तुझ्याजवळ ठेव. दुसऱ्या कुणाजवळ ठेवायला माझा जीव धजत नाही."