आखाजीचा झोका आणि फुग्याचं टेनिस

वृषालीचं टेनिस बंद पडलं असतं, तर सरलाबाईंच्या पदरात नेमकं काय पडणार होतं? ओट्यावरच्या सतरंजीवर पुन्हा पोरांची दाटी, नळावर पुन्हा मान, आणि येता-जाता बायकांचं ‘बाई, आमच्या पोराकडे लक्ष असू द्या’. डिंडोलीच्या त्या खानदेशी गल्लीत ‘बाई’ म्हणजे सरलाबाईच. गल्लीतल्या पोरांना गाणी म्हणायला, शेंबूड पुसायला त्यांनीच शिकवलं. बदल्यात काही मागितलं नाही. ‘बाई’ ऐकलं की त्या भरून पावायच्या.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात गल्लीतल्याच काशिनाथच्या घरात सून आली, वृषाली. जळगावला कॉलेजात टेनिस खेळलेली. तिनं कडुनिंबाखाली दोन खाटा उभ्या केल्या, मधे डागी साडी ताणली, झालं नेट. एवढ्याशा पोरांना रॅकेट कुठली? तळहातानं फुगा उडवायचा, खाली पडू द्यायचा नाही. ते जमलं की पुठ्ठ्यानं. बघता बघता सतरंजी ओस पडली. सरलाबाईंची नात साक्षीसुद्धा ‘टीचर, टीचर’ करत तिकडेच.

“फुगा उडावाले टीचर लागस का?” सरलाबाई नळावर फणकारल्या.

“पण तुमनं पोट कसाले दुखस, बाई?” चंद्रभागानं हंडा उचलता उचलता विचारलं, आणि बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

ते हसणं झोंबलं, आणि सरलाबाईंना युक्ती सुचली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. गौराईच्या झोक्याला नको म्हणायची खानदेशी माणसाची छाती नाही, आणि एकदा बांधलेला झोका आखाजीआधी सुटत नाही. त्यांनी कडुनिंबाला दोर टाकला, तोही बरोब्बर नेटवर येईल असा.

“आते खेया टेनिस!”

वृषालीनं झोका बघितला, वाकून सरलाबाईंच्या पाया पडली.

“आत्याबाई, माझी अडचणच मिटवली तुम्ही! लहानगी फुगा अंगावर आला की डोळे मिटतात. झोक्यावर बसून मारू देत, नजर आपोआप फुग्यावर राहील.” तिनं खाटा थोड्या पुढे सरकवल्या. “झोका कोण देणार?”

गल्लीची रीत होती: ज्या घरचा दोर, त्या घरचा हात. सगळ्यांनी सरलाबाईंकडे पाहिलं. नाही म्हणावं तर गौराई रुसायची.

सरलाबाईंनी झोका दिला. मग रोजच दिला. शेजारच्या गल्लीतलीही पोरं यायला लागली. एका संध्याकाळी साक्षीनं डोळे उघडे ठेवून फुगा थेट नेटपलीकडे मारला. सरलाबाईंचे हात टाळीसाठी जुळलेच होते, तेवढ्यात पोरगी झोक्यावरून उतरली आणि धावत जाऊन वृषालीच्या गुडघ्यांना बिलगली. आजीचे हात तसेच अधांतरी राहिले.

“ए झोकेवाली मासी, जोरथी!” झोक्यावर चढलेलं शेजारच्या गल्लीतलं गुजराती पोर ओरडलं. बाकीच्यांनी तेच नाव उचललं. आखाजीपर्यंत चंद्रभागाही तेच म्हणायला लागली.

तर टेनिससाठी कुणी काय मोजलं? वृषालीनं पुडीभर फुगे. काशिनाथनं दोन खाटा. पोरांच्या आयांनी काहीच नाही. सरलाबाईंनी दोर, दोन्ही खांदे, आणि वर ‘बाई’ हे नाव.