पळालेल्यांची साक्ष

“चिठ्ठी बदलून मिळणार नाही, त्रिवेणीबाई. बाप्पासमोर उचलली म्हणजे उचलली!”

एकनाथराव वकील मिशीत हसत होते. मंडळाच्या गणेशोत्सवातला वादविवाद दरसाल तेच जिंकायचे. यंदाच्या परीक्षक शैलाबाई साळवे, जालन्याकडच्या मिशन शाळेतून निवृत्त झालेल्या. विषयही त्यांचाच: बायबलातली येशूच्या अटकेची हकीकत इतिहास म्हणून पटते का? चिठ्ठीत ‘पटते’ ही बाजू त्रिवेणीच्या वाट्याला आली. गणपतीपुढे येशू कशाला, अशी कुरकुर झाली. पण विद्येच्या दैवताला कसला विटाळ, म्हणून मोठ्यांनी ती मिटवली.

नव्वदीनंतर गल्लोगल्ली निघालेल्या एसटीडी बूथांपैकी हिमायतनगरातला एक त्रिवेणीचा. गिऱ्हाइकं काचेआड बोलत असताना आठवडाभर तिने बायबल वाचून काढलं होतं. तिला चषक नको होता. तिला बापाच्या नावावरचा डाग धुऊन काढायचा होता.

तिचे वडील दत्तोबा मागच्या रांगेत बसले होते. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हणमंतराव गुरुजींना पोलिसांनी धरलं तेव्हा दत्तोबा त्यांच्या साथीदारांत होते. गुरुजी पुढे तुरुंगातच वारले. मंडळ आता त्यांच्यावर स्मरणिका काढणार होतं आणि संपादक एकनाथरावांनी दत्तोबांची हकीकत साफ वगळली होती. वकिलांचे दिवंगत काकाही त्या साथीदारांतले; ते सांगत, आम्ही पोलिसांशी झुंजलो. दत्तोबा सांगत, “कशाचं झुंजनं? सगळे पळालो की! पहिला म्या.” मंडळात त्यांना लबाड म्हातारा म्हणू लागले, आणि हे त्रिवेणीच्या जिव्हारी लागलं होतं.

एकनाथराव झोकात बोलले. “येशूची हकीकत सांगणारी शुभवर्तमानं चार, तऱ्हा चार! एकात त्याचाच शिष्य यहूदा मुका घेऊन गुरूला दाखवून देतो, दुसऱ्यात येशू आपणच पुढे येऊन ‘तो मीच’ म्हणतो. कुठे सोटे घेतलेला जमाव, कुठे रोमी पलटण. झटापटीत एका नोकराचा कापलेला कान येशूने बरा केल्याचं चौघा लेखकांत एकटा लूक सांगतो. असले साक्षीदार मी कोर्टात उभेही राहू देत नाही.” मग मागे बघत म्हणाले, “आपल्याकडेही आहेत म्हणा एक!”

हशा पिकला. दत्तोबांनी मान खाली घातली.

त्रिवेणी उठली तेव्हा पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं होतं. रागच तेवढा उरला होता, आणि तो कामी आला.

“वकीलसाब, तपशील जुळत नाहीत, कबूल. पलटण आली का, कान जुळला का, मला नाही सांगता येणार. पण ही हकीकत सांभाळली कुणी? येशूच्याच माणसांनी ना? मग त्यात ते स्वतः काय करतात, बघा की! सगळे सोडून पळतात. एक तरणा तर अंगावरचं कापड टाकून नागडा पळतो. शिष्यांतल्या पेत्राला पुढं सगळे मोठा मानतात, तोच म्हणतो, मी ह्याला ओळखत नाही. रचायचंच होतं तर आपल्याच माणसांची अशी बेअब्रू कोण करतं? रचणारा स्वतःला झुंजवतो!”

“नम्रपणाचं सोंगही असतं, बाई,” एकनाथराव म्हणाले.

“सोंगातून काही मिळावं लागतं, वकीलसाब. माझ्या बापाला काय मिळालं? मागची खुर्ची!”

शैलाबाईंनी चष्मा काढून पुसला.

“अटक नेमकी कशी झाली, हे जन्मभर वाचूनही मला सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण झाली, आणि मित्र पळाले, एवढं हिनं पटवलं. चषक हिचा.”

टाळ्या थांबेनात. एकनाथराव हरले, पण दिलदारपणे हरले. ते खाली उतरून थेट दत्तोबांपाशी गेले.

“चला, माइकवर सांगा. स्मरणिकेतही घालतो. फक्त ते ‘पहिला पळालो’ एवढं गाळू या का? बरं नाही दिसत.”

“नक्को,” दत्तोबा म्हणाले. “बाकीचं गाळा. तेवढं राहू द्या.”

लेकीचा हात न घेता ते पायऱ्या चढले.

“हणमंतराव गुरुजींना धरलं, तवा पहिला पळालो तो म्या,” ते म्हणाले, आणि सगळं सभागृह उभं राहिलं. दत्तोबा गडबडले. लोकांना खाली बसायची खूण करत राहिले, पण कुणी बसेना.

“पळून भिंतीआड लपलो, तिथनं ऐकलं म्या,” शेवटी ते तसेच बोलू लागले. “गुरुजी पोलिसाला म्हणले, थांब बाबा, चपला घालतो.”