फाटकापुढचं कीर्तन

रामहरी टेम्पोत निजला होता आणि कबरस्तानाच्या फाटकाला कुलूप होतं. लासुर्ण्याच्या अलीकडची वस्ती, एप्रिलचं ऊन, दुपारचे दोन. बारामतीच्या दवाखान्यातून पहाटे बर्फाच्या लाद्यांवर आणलेलं पोर. त्या बर्फाचं पाणी आता फळ्यांतून ठिबकत होतं. त्याची आई दगडाबाई चाकाला टेकून बसली होती. तिचं रडून झालं होतं.

"बस तू. मी चावी आणतो," भानुदासआबा म्हणाले आणि निघाले.

चावी दादासाहेबांच्या खिशात होती. दादासाहेब ख्रिस्ती मंडळीचे मोठे पंच. चाळीस वर्षं आबांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, त्यातली तीस वर्षं बाजाची पेटी दादासाहेबांची. आबांचा सूर कुठं चढणार ते त्यांच्या बोटांना आधी कळायचं.

"दादासाहेब, फाटक उघडा. माती खोळंबलीय."

"आबा, त्यांचा बाप्तिस्मा झालाय, कबूल. मंदिरात येत्यात, मागच्या सतरंजीवर बसत्यात, आमी कधी उठवलं का? पण माझ्या आईच्या शेजारी त्यांचं मढं? जात काय पाण्यानं धुवून निघती व्हय?"

"तुमची निघाली न्हवं?"

दादासाहेबांनी पान थुंकलं. "कॅनॉलच्या कडंला जागा हाय की."

"माझ्या कारभारणीच्या, अक्काबाईच्या शेजारी माझी जागा राखलीय. ती द्या त्याला."

"मग तुमास्नी कुठं पुरायचं?"

"टाका कॅनॉलला."

"जागा मंडळीची हाय आबा, तुमची न्हाय."

मागच्याच रविवारी विलायतेतल्या मूळ मिशनकडून आलेलं पत्र पाळकसाहेबांनी मंदिरात वाचलं होतं. माणसाला गुलाम करणं हे पाप, कातडीच्या रंगावरून त्याला हलका धरणं हे पाप, आमच्या पूर्वजांनी ते केलं त्याची आम्ही क्षमा मागतो. तेव्हा सगळ्यांत मोठं 'आमेन' दादासाहेबांचं होतं. "माणसं बाजारात इकायची! काय काळजाची असतील!" म्हणून त्यांनी डोळे पुसले होते. आज संध्याकाळी त्याच विषयावर आबांचं कीर्तन ठेवलेलं. पाळकसाहेब पुण्याला सभेला. फोनवर म्हणाले, "पंचांना विचारा," आणि ठेवला.

आबांना एकच गोष्ट येत होती. कीर्तनानं भांडणं मिटलेली, दारू सुटलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी संध्याकाळचं कीर्तन दुपारीच लावलं, फाटकापुढं, टेम्पोला पाठ देऊन.

"दगडाबाई, थोडा दम धर. अर्ध्या तासात फाटक उघडतंय."

टाळ ऐकून वस्ती गोळा झाली. पेटी आली, मागोमाग दादासाहेबही येऊन लिंबाखाली बसले. पूर्वरंगात आबांनी बायबलातल्या, मिसर देशात गुलामीत विटा थापणाऱ्या लोकांचे हाल गायले. मग समुद्रावरची जहाजं आली, साखळदंडातली काळी माणसं आली, आईच्या कडेवरून ओढलेली लेकरं आली. आबांचा आवाज कित्येक वर्षांत असा लागला नव्हता.

*तोड प्रभो, या बेड्या तोड,*
*एका मातीची आम्ही लेकरं.*

मंडळीनं ध्रुपद उचललं. बाया पदराला डोळे लावत होत्या. दादासाहेब डोळे मिटून, मान हलवत, पेटीवर बोटं नाचवत सगळ्यांच्या वर गात होते.

"मंडळी," आबा एकदम थांबले, "ते जहाज बुडालं न्हाय. हितं उभं हाय. चार चाकांचं. आत आपला भाऊ हाय. आता कुणी उठायचं?"

टाळ थांबले. आबांनी दादासाहेबांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

दादासाहेबांनी उपरण्यानं गाल पुसले. "आज आत्मा उतरला हो आबा, तुमच्यावर. संध्याकाळी पण हेच घ्या."

"घ्याच," मागून कुणी तरी म्हणालं.

कुणी उठलं नाही. आबांनी पुन्हा ध्रुपद धरलं, वरच्या पट्टीत, घसा फाटेस्तोवर. मंडळीनं तेही गोड उचललं. किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी दगडाबाई उठली आणि तिनं आबांच्या हातातले टाळ धरून बंद केले.

"बास करा आबा. तुमचं गाणं लई चांगलं हाय. पण माझ्या पोराला वास सुटलाय."

आबांनी टाळ तिच्या हातात सोडले. ते टेम्पोत चढले, रामहरीच्या पायाशी बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "माझ्या उसाकडं घे."

वस्तीपासून दोन मैलांवर आबांचं वीस गुंठे रान. बांधाकडचा ऊस त्यांनी स्वतः कोयत्यानं तोडला. सत्तरीचे हात, चार टिपरं तोडली की थांबायचे. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा दगडाबाईनं विचारलं, "आबा, रान तुमच्या लेकाच्या, विकीच्या नावावर झालंय न्हवं?"

"व्हय."

"त्याला इचारलंय?"

आबांनी खिशातून फोन काढला. विकीनं तीनदा कट केला. चौथ्यांदा उचलला तेव्हा मागून पेटीचा सूर ऐकू आला.

"आबा, दादासाहेब हितंच हायत. त्यांनी सांगितलं मला. तिथं कायबी पुरायचं न्हाय. पुरलंसा तर मी उद्या नांगर घालीन."

दगडाबाईनं सगळं ऐकलं होतं. आबा खड्ड्यात उभे होते, तोंड वर करून तिच्याकडं बघत.

"खोल खणा आबा," ती म्हणाली. "नांगर पोचणार न्हाय एवढं खोल."