भाऊसाहेबांचा कर्णा

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. मित्रांनो, मला हात लावण्याआधी हात धुतलेत ना? विचारलेलं बरं. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही.

माझे मालक भाऊसाहेब मूकपटांतले नट. घोड्यावरून उडी मारावी तर त्यांनीच! पण बोलपट आले आणि त्यांचा चिरका आवाज कुणाला चालेना. मग ते दिग्दर्शक झाले आणि त्यांनी मला बनवून घेतलं. माझ्यातून त्यांचा आवाज कसा भारदस्त निघे! स्वातंत्र्यानंतर ते दिल्लीत सरकारी माहितीपट करू लागले. आवाज मागाहून भरायचा, म्हणून कॅमेरा चालू असतानाही ते खुशाल ओरडत, "वळ! आता हास!" मूकपटातली सवय ती, सुटते थोडीच.

मग नागपूरहून विलास आला, ध्वनिमुद्रणासाठी. पानिपतच्या विणकरांवर माहितीपट होता आणि हातमागांचा खराखुरा आवाज हवा, असा वरून हुकूम होता. भाऊसाहेब ओरडले की चित्रण फुकट. पहिला दिवस सगळा असाच वाया गेला. उद्या हेच झालं तर घरी बसा, असं खात्याच्या वरिष्ठांनी भाऊसाहेबांना बजावलं. विलास मात्र खाली मान घालून तारा गुंडाळत होता. कुठेतरी पाणी मुरतंय, मी ओळखलं. याला भाऊसाहेबांची जागा हवी असणार.

दुसऱ्या सकाळी त्यानं मला उचललं आणि पेटीत कोंबलं. चोर लेकाचा! पेटीच्या फटीतून मी पाहत होतो. भाऊसाहेबांनी माझ्यासाठी हात पुढे केला, तर हा सरळ मान हलवून नाही म्हणाला. माझा नुसता संताप झाला.

माग खटाखट चालू लागले. भाऊसाहेबांनी ओठ घट्ट मिटले. नुसती भुवई उचलली आणि विणकर वळला. ते छातीवर हात ठेवून हसले, तोही हसला. जुना नट जागा झाला होता. या माणसाला माझी गरजच नव्हती. फार वाईट वाटलं, मित्रांनो.

काम संपल्यावर भाऊसाहेब विलासला म्हणाले, "दे आता. मी मागितला तरी द्यायचा नाही असं मीच सांगितलं होतं, ते पाळलंस बघ."

"तुम्ही रागवाल अशी भीती वाटत होती, भाऊसाहेब."

"रागावलोच होतो."

मग मला तोंडाशी धरून ते हळूच म्हणाले, "जमलं रे." आवाज चिरकाच होता.

निवृत्त होताना त्यांनी मला विलासलाच दिलं. आता त्याच्या नातीच्या, उल्काच्या, गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये माझ्यात छत्र्या ठेवतात. ओल्या! त्यामुळे गंज चढलाय. मला अधूनमधून कोरड्या फडक्यानं पुसा, एवढंच मागणं आहे. आणि कुणी उचलून पेटीत ठेवलंच, तर आता मी आधी विचारीन, कुणासाठी ठेवतोस बाबा?