टकरसाठी टाकलेलं जाकीट

व्हर्ना कठड्यावरून ओणवली आणि पुन्हा एकदा "टकर!" म्हणून ओरडली. तिच्या हातात नुसता पट्टा लोंबत होता. ओहायोच्या या राखीव जंगलात कुत्रा मोकळा सोडायला मनाई आहे. पण तिचा नवरा रॉइस या कड्यापाशी आला की हटकून सोडायचा. मार्चमध्ये तो वारल्यानंतर ती पहिल्यांदाच टकरला घेऊन इथे आली होती, म्हणून तिनेही सोडला. समोरून हरीण उधळलं आणि कुत्रा त्यामागे झाडीत गडप झाला. त्याला तास उलटून गेला होता.

"घसा फोडून काही होणार नाही," नणंद लोरेन म्हणाली. "बाबांचा कुत्रा शिकारीत चुकला, की ते सोडल्या जागी अंगातला कोट टाकून यायचे. वासावर येतोच. रॉइसचं जाकीट गाडीत आहे ना?"

"आहे."

"मग आण की. त्याचं काय लोणचं घालायचंय?"

ते जाकीट व्हर्नाने मार्चपासून धुतलं नव्हतं. गाडीत एकटी असली की ती त्याच्या कॉलरला नाक लावायची. आता पाऊस भुरभुरत होता, एकदा भिजलं की रॉइसचा वास गेलाच. पण टकरही गेला, तर त्याचं म्हणून उरणार काय? कुत्रा तिचा नव्हताच. इतके महिने ती त्याला खाऊ घालत होती आणि तो दाराकडे तोंड करून निजत होता.

तिने जाकीट आणलं. चिखलात टाकायला हात धजेना, म्हणून अंगातला स्वेटर काढून आधी तो अंथरला.

"गारठशील, बाई."

"गारठू दे."

दोघी हाका मारत खाली ओढ्यापर्यंत जाऊन आल्या. परतताना लोरेन पुढे होती. वळणावर ती थबकली आणि तिने व्हर्नाचा दंड धरला.

टकर आला होता. जाकीट त्याने ओढून बाजूला डबक्यात टाकलं होतं आणि तो स्वेटरवर मुटकुळं करून पडला होता, बाहीत नाक खुपसून.

लोरेनने लगबगीने जाकीट उचलून पिळलं. "पार वाट लावली गं याची," ती पुटपुटली आणि पट्ट्यासाठी हात पुढे केला.

व्हर्ना ओल्या गवतात बसली होती. थंडीने तिचे दात वाजत होते.

"थांब जरा," ती म्हणाली. "उठवू नकोस त्याला."